ठाण्यात बायकांचा कॉमेडी ग्रुप : जून ते नोव्हेंबर २०२५ च्या कामाच्या नोंदी

ज्या कुणाला आपल्या सोसायटीत, वाचनालयात, बचत गटात असं काही सुरू करायचंय तिच्यासाठी या नोंदी आहेत. काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले एवढंच लिहितेय. बायकांची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, त्यांच्याशी तसं ठरलंय. मी पूर्वी हौशी नाटकात कामं केलीयत, आता नोकरी करते. सोबत दोन मैत्रिणी आहेत, एक हिशेब बघते आणि दुसरी हॉल, फोन, ग्रुपवरचे मेसेज.

७ जून, शनिवार

नौपाड्यातल्या एका सोसायटीचा हॉल मिळाला, दोन तासांचे ५०० रुपये. पंखे चालतात, बाथरूम स्वच्छ आहे (हे आधी जाऊन बघाच, बायका पहिलं तेच विचारतात). पोस्टरवर 'महिलांसाठी स्टँडअप कॉमेडी वर्कशॉप' असं लिहिलं होतं. फोन बरेच आले पण चौकशा अशा की टीव्हीवर काम मिळणार का, ऑडिशन कधी आहे, आणि एका ताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं की तिथे शिव्या द्याव्या लागतात का. त्यांचं चूक नाही, मोबाइलवर त्यांच्यासमोर जे स्टँडअप येतं त्यात तेच जास्त असतं. प्रत्यक्षात आल्या पाच जणी, त्यातल्या दोघी मैत्रिणीला सोबत म्हणून.

पोस्टर बदलतोय. आता असं: 'तुम्ही किस्सा सांगायला लागलात की सगळे हसतात? मग या, तो माइकवर सांगायला शिकू. शिव्या नाहीत, वयाची अट नाही, मुलांना आणलं तरी चालेल.' स्टँडअप हा शब्द खाली बारीक अक्षरात ठेवला, काढला नाही, कारण कॉलेजच्या मुली तोच शब्द बघून येतात. छपाईचे ६४० रुपये दुसऱ्यांदा गेले.

वेळ पण बदलली. संध्याकाळी पाच ते सात ठेवली होती, ती कुणालाच जमण्यासारखी नव्हती, पाच म्हणजे चहा, क्लासवरून मुलांना आणणं, दिवाबत्ती आणि लगेच कुकर. आता दुपारी अडीच ते साडेचार.

१४ जून, शनिवार

अकरा जणी आल्या! कळवा, कोपरी, वर्तकनगर, एक ऐरोलीहून, दोघी घोडबंदर रोडवरून. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या बहात्तरच्या. मुलं चार आली, त्यांना सांभाळायला शेजारच्या बिल्डिंगमधली कॉलेजची मुलगी ठेवली, दोन तासांचे ३०० रुपये. हा खर्च कुठल्याही परिस्थितीत कापू नका, मूल मांडीवर असेल तर आईचं अर्धं लक्ष त्याच्याकडेच राहतं.

पहिला व्यायाम पूर्ण फसला. 'एक विनोद सांगा' म्हटलं तर प्रत्येकीने व्हॉट्सअ‍ॅपवरचा विनोद सांगितला, आणि त्यातले जवळपास सगळे बायकोवरचे! बायको किती बोलते, किती शॉपिंग करते, माहेरी गेली की नवरा कसा खूश. बायकाच बायकांना हे सांगत होत्या आणि हसू पण येत नव्हतं कुणाला, कारण सगळ्यांनी ते आधीच वाचलेलं. मात्र चहाच्या वेळी याच बायका सिलिंडरवाला, लिफ्ट, वॉचमन, शाळेतली पेरेंट्स मीटिंग यावर बोलत होत्या तेव्हा हॉल दणाणून गेला होता. हसवायचं कसं ते त्यांना येतंच, समोर माइक धरला आणि 'विनोद' म्हटलं की आपल्याकडचं ते बाजूला ठेवून दुसऱ्याचं घ्यावं असं त्यांना वाटतं. पुढच्या वेळी चहा आधी ठेवणार.

२१ जून, शनिवार

चहा आधी. व्हॉट्सअ‍ॅपचे विनोद बंद. विनोद हा शब्दच वापरायचा नाही, प्रश्न एकच: या आठवड्यात तुला राग कशाचा आला? प्रत्येकीने वहीत पाच गोष्टी लिहायच्या आणि त्यातली एक उभं राहून सांगायची. हा व्यायाम चालला, अजूनही प्रत्येक सेशनची सुरुवात आम्ही यानेच करतो.

कळव्याची एक नर्स आहे, दादरला ड्यूटी, रोज लोकल. तिचा किस्सा साधारण असा होता: 'लोकलमध्ये तिघींच्या सीटवर चौथी बसायला मी बरोबर जागा मागून घेते, पण घरी सोफ्यावर सगळे बसलेले असतात तेव्हा मला कुणी जागाच देत नाही, कुत्रा तेवढा सरकतो असं माझं होतं.' सगळ्या नुसत्या हसल्या, पण 'असं माझं होतं' ऐकेपर्यंत हसू ओसरलं होतं. मग त्याच किश्श्यावर अर्धा तास बसलो. आपलं वाक्य सवयीने आहे-होतं-असतं वर संपतं, म्हणजे हसायची जागा मधे येते आणि शेपूट मागे लोंबतं, त्यामुळे लोक हसायला लागतात तेव्हा आपण अजून बोलतच असतो. शेवटी ते असं झालं:

'लोकलमध्ये अनोळखी बाईला म्हणते, जरा आत सरकता का? ती सरकते. घरी सोफ्यावर तिघं. नवरा, मुलगा, कुत्रा. वीस वर्षं रोज म्हणतेय, जरा सरका. सरकतो फक्त कुत्रा.'

'वीस वर्षं' आणि कुत्र्याचं वय जुळत नाही असं एकीने काढलं, त्यावर पण वाद झाला, शेवटी 'वर्षानुवर्षं' केलं. असे वाद होऊ द्या, लिहायला त्यातूनच शिकतात.

५ जुलै, शनिवार

माइकचा दिवस. एकीने घरचा ब्लूटूथवाला कराओके माइक आणला होता, खर्च वाचेल म्हणून. त्यात आवाज घुमतो आणि किंचित उशिरा येतो. गाण्याला चालतं, इथे नाही, बोलणारीला स्वतःचाच आवाज मागून ऐकू आला की ती थांबते आणि टायमिंग जातं. तासभर वाया गेला. मंडपवाल्याकडून साधा वायरचा माइक, स्टँड आणि छोटा स्पीकर भाड्याने घेतला, दिवसाचे ८०० रुपये.

दुसरी अडचण, जवळपास सगळ्या माइक पोटाशी धरतात आणि वाक्याच्या शेवटाला आवाज खाली घालतात. नेमका शेवटच ऐकू यायला हवा ना! उपाय म्हणून घरी लाटणं हनुवटीखाली धरून बोलायचा सराव दिला. तिसरी गोष्ट, हसू आलं की त्या 'सॉरी' म्हणतात किंवा पुढचं वाक्य घाईघाईने सुरू करतात. लोक हसत असताना गप्प उभं राहणं हे सगळ्यात अवघड गेलं, माइकपेक्षाही. त्यासाठी वेगळा व्यायाम केला, एक जण समोर उभी, बाकीच्या टाळ्या वाजवतायत आणि तिने दहा आकडे मनात मोजेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. दोघी रडल्या. त्यांना कारण विचारलं नाही, पाणी दिलं आणि थोड्या वेळाने त्यांना पुन्हा उभं केलं.

१२ जुलै, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितेय कारण हे प्रत्येक ग्रुपमध्ये होणार. कोपरीच्या एका मुलीने स्वतःच्या रंगावर आणि वजनावर सेट (माइकवर सलग सांगायचा मजकूर) केला. हॉल खूप हसला, सगळ्यात जास्त हशा तिलाच मिळाला. नंतर घरी जाताना ती एकदम गप्प होती. रात्री मेसेज आला, 'लहानपणापासून जे सगळे बोलले तेच मी आज स्वतः बोलले.'

असे विषय बंद करायचे का यावर आम्ही तिघी फोनवर बराच वेळ बोललो. बंदी घातली नाही. तिच्याशी बोलून एवढंच ठरवलं की विषय तोच ठेवायचा पण लोक कुणाला हसतायत ते बदलून बघायचं. तिने पुढच्या आठवड्यात केलं ते असं: 'मॉलमधली सेल्सगर्ल म्हणाली, मॅडम, ही क्रीम लावा, दोन आठवड्यांत उजळाल. म्हटलं, बाई, माझ्या आईने हळद, बेसन, दूध, सगळं लावून बावीस वर्षं घालवली. तुझी कंपनी कालची.' हशा तेवढाच. आणि नंतर ती सगळ्यांबरोबर वडापाव खायला थांबली.

१९ जुलै, शनिवार

बहात्तरच्या आजींनी आज वर्गच घेतला. एका सुनेला प्रश्न पडला होता की सासरच्यांची थट्टा केलेली चालेल का, संस्कारात बसतं का. आजी म्हणाल्या, अगं एकनाथांनी सोळाव्या शतकात भारूड लिहिलं, त्यात बाई भवानीआईला नवस बोलते की सासरा गावाला गेलाय तो तिकडेच खपू दे, आणि ते देवळात म्हणतात सगळे. आणि उभं राहून म्हणून दाखवलं! नंतर कुणी संस्कारांचा प्रश्न काढला नाही.

पण एक खरंय, ते भारूड बाईच्या तोंडी असलं तरी लिहिलं पुरुषाने. गौळणीतली मावशी पुरुष करायचा. आजही टीव्हीवर साडी नेसलेला पुरुष आला की हशा ठरलेला. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, निर्मिती सावंत यांचं टायमिंग आम्ही सगळ्या अभ्यासतो, पण स्किटमध्ये दुसऱ्याने लिहिलेलं करता येतं, इथे स्वतःच लिहायचंय, म्हणून लिहिण्यावर एवढा जोर देतेय.

दीपिका म्हात्रे यांचे व्हिडिओ पण दाखवले. नालासोपाऱ्याच्या, घरोघरी स्वयंपाकाची कामं करायच्या, ट्रेनमध्ये इमिटेशन ज्वेलरी विकायच्या, आणि २०१८ मध्ये स्टेजवर उभं राहून त्यांनी मॅडम लोकांवर सेट केला, कामवालीची वेगळी भांडी, वेगळी लिफ्ट वगैरे. आमच्यात एक ताई घरकाम करतात, त्या तोपर्यंत फक्त ऐकायला बसत होत्या. व्हिडिओ संपल्यावर त्यांनी स्वतःहून वही मागितली. ग्रुपमधल्या ज्यांच्या घरी बाई कामाला आहे त्या थोड्या अस्वस्थ झाल्या, हे पण लिहून ठेवते. होऊ देत.

२ ऑगस्ट, शनिवार

श्रावण सुरू, निम्म्या जणी मंगळागौरीच्या खेळांच्या प्रॅक्टिसला. मग आम्ही मंगळागौरच आत घेतली. सासू-सुनेची, सवतीची भांडणं त्या खेळांत बायका वर्षानुवर्षं करतायत, तोच अभिनय आहे. आणि उखाणा! पहिली ओळ मांडणी, दुसरी ओळ दणका, यमक असल्यामुळे समोरच्याला माहीत असतं की काहीतरी येतंय. सगळ्यांना 'राव' शेवटी न घालता उखाणा लिहायला सांगितला. बँकेतल्या ताईंचा:

'कुकर लावला गॅसवर, करपायची भीती,
सोफ्यावरून राव विचारतात, शिट्ट्या झाल्या किती?'

ज्यांना स्टँडअप लिहायला जमत नव्हतं त्यांना उखाण्यातून जमलं. सुरुवात इथूनच केली असती तरी चाललं असतं.

९ तारखेला राखी आणि १६ ला दहीहंडी, ठाण्यात त्या दिवशी रिक्षा सुद्धा हलत नाही, दोन्ही शनिवार सुट्टी.

२३ ऑगस्ट, शनिवार

वाईट आठवडा. मंगळवारी पावसाने लोकल बंद, हॉलच्या जिन्यात पाणी, सेशन होणार की नाही इथपासून सुरुवात. त्याआधी कुणीतरी प्रॅक्टिसचा व्हिडिओ काढलेला तो फिरत फिरत एकीच्या सासरच्या ग्रुपवर गेला. तिने दिरावर दोन वाक्यं बोललेली. घरी मोठं भांडण. ती परत आली नाही, फोन पण उचलत नाही. आम्ही तिघी तिच्या घरी जाऊन आलो, दारातूनच परत पाठवलं.

आता नियम: आत येताना मोबाइल टोपलीत. व्हिडिओ फक्त आमच्या एका फोनवर काढायचा, तो फक्त जिचा आहे तिलाच द्यायचा, मग तिने तो फ्रेम करावा नाहीतर डिलीट करावा. आणि प्रत्येकीने घरातल्या ज्या माणसावर बोलायचंय त्याला आधी सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं, पण ठरवायचं मात्र नक्की, असंच सोडायचं नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. तुम्ही सुरू करत असाल तर आधी टोपली घ्या, मग माइक.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल तिघींना घेऊन एका कॅफेतल्या ओपन माइकला गेलो, म्हणजे नाव देऊन कुणीही माइकवर उभं राहू शकतं तिथे. स्पॉटचे, म्हणजे एका पाळीचे, प्रत्येकी २०० रुपये, चार मिनिटं, तीन झाली की समोरून लाइट दाखवतात. नाव दिलं होतं नऊच्या स्लॉटला, नर्सताईंचा नंबर लागला पावणेअकराला. तोपर्यंत समोर उरलेली दहाबारा मुलं, बहुतेक स्वतःच कॉमिक (स्टँडअप करणारी), मोबाइलमध्ये डोकं. होस्टने 'अब एक लेडी कॉमिक' असं म्हणून बोलावलं. सोफ्याच्या किश्श्यावर कुणी हसलं नाही. घरी पोचायला साडेबारा, रिक्षाचे ३४० रुपये.

ताई म्हणाल्या, 'मला नाही जमत.' मी सांगितलं की तोच किस्सा तीन वेळा चाललाय आणि एकदा नाही, तर किश्श्यात खोट नाही, समोर कोण बसलंय ते बघा. चौथी सीट काय ते त्या मुलांना माहीत नाही, बाईला सोफ्यावर जागा नसते हेही नाही. मात्र ओपन माइक सोडायचे नाहीत, कॉमेडीत पुढे जायचं तर तिथूनच जावं लागतं. मुंबईच्याच स्टँडअप कॉमिक उरूज अशफाकला २०२३ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये बेस्ट न्यूकमर अवॉर्ड मिळालं, ती पण अशाच ओपन माइकमधून पुढे गेली. बदल एवढेच: एकटीने जायचं नाही, आधी फोन करून पहिल्या तीनातला स्लॉट मागायचा, होस्टला सांगायचं की फक्त नाव घे, आणि रिक्षाचे पैसे ग्रुपच्या फंडातून.

२० सप्टेंबर, शनिवार

आमचा पहिला कार्यक्रम झाला!

पितृपक्षात ठेवला. दोघींच्या घरून आक्षेप आला, पण या पंधरवड्यात लग्न-मुंजी नसल्यामुळे हॉल रिकामे असतात, भाडं ४,००० वरून २,२०० वर आलं. आजींनी आक्षेपवाल्यांना फोन केले, काय बोलल्या माहीत नाही, दोघी आल्या. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात करायची खूप जणींची इच्छा आहे, पण तिकडचा खर्च आत्ता झेपत नाही. आणि तिकीट लावून नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, त्याला वेळ धरून ठेवा.

प्रवेशिका ओळखीतच दिल्या, १०० रुपये. फुकट ठेवणार होतो, हिशेबवाली मैत्रीण अडून बसली आणि तिचं बरोबर निघालं, पैसे दिलेला माणूस वेळेवर येतो आणि शेवटपर्यंत बसतो. ८६ प्रवेशिका गेल्या, ८,६०० रुपये. खर्च: हॉल २,२००, माइक-स्पीकर १,५००, चहा-बटाटेवडे १,७००, मुलांना सांभाळणारी ५००. उरले २,७००, नऊ जणींना प्रत्येकी ३००. पाकिटात घालून, नाव लिहून दिले. रक्कम लहान आहे, पण बोलण्याचे पैसे मिळाले हे बहुतेकींच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि पाकीट उघडताना त्यांचे चेहरे मी बघितलेत.

काय चुकलं: खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, पहिले दोन सेट थंड गेले. मधे थांबवून खुर्च्या जवळ आणल्या, पंखे कमी केले, मग हशा एकमेकांना लागायला लागला. नर्सताईंच्या 'सरकतो फक्त कुत्रा' वर थांबावं लागलं इतके हसले, आणि त्या थांबल्या, हलल्या नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार

नवरात्रात कामं आली. आपल्याकडे मंडळं आणि नगरसेवक खेळ पैठणीचा, हळदीकुंकू, भोंडला असे कार्यक्रम ठेवतात, समोर सगळ्या बायका आणि माइकवर बहुतेक वेळा पुरुष. ही जागा आपली आहे असं मला ठाम वाटतं. बँकेच्या ताईंना कळव्यात एक, कोपरीच्या मुलीला एक होस्टिंग मिळालं.

पण पैशाचं बघा. कोपरीच्या मुलीने 'द्या तुम्हाला योग्य वाटेल ते' म्हटलं, तीन तास उभी राहिली, हातात आलं साडी आणि नारळ. बँकेच्या ताईंनी २,५०० सांगितले आणि ते मिळाले. म्हणून आता नवा व्यायाम: माइकवर उभं राहून स्वतःचा रेट सांगायचा आणि गप्प राहायचं. 'कमीजास्त करू', 'पहिल्यांदाच आहे ना' असं काही जोडायचं नाही. टाळ्यांमध्ये गप्प राहायला शिकल्या होत्या ते इथे कामी आलं. शिवाय मेसेजचा एक नमुना करून दिला, त्यात तारीख, तास, मानधन, जाण्यायेण्याचा खर्च आणि अर्धे पैसे आधी यूपीआयने.

ब्रिटनमध्ये लिन पार्कर यांनी २००२ मध्ये कॉमेडी करणाऱ्या बायकांसाठी 'फनी विमेन' सुरू केलं, त्यांनी स्पर्धा घेतल्या आणि ऑफिसमध्ये बोलण्याचे वर्कशॉप पण घेतले. आपल्याकडे पण हे होऊ शकतं. नर्सताई आता नव्या मुलींच्या ट्रेनिंगमध्ये तासभर बोलतात, त्याचे वेगळे पैसे अजून मिळत नाहीत, पण मेट्रनसमोर उभं राहून ड्यूटीची वेळ बदलून घेतली त्यांनी. त्यांच्या मते तोच सगळ्यात मोठा शो होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी बॅच सुरू, चौदा जणी. फीवरून आम्हा तिघींत वाद झाला. आतापर्यंत महिन्याला २०० घेत होतो आणि दर महिन्याला खिशातून भर घालत होतो, एकूण साधारण नऊ हजार गेले. मला फी वाढवायची नव्हती, हिशेबवालीने सांगितलं की असंच चाललं तर मार्चमध्ये बंद करावं लागेल. ठरलं ते असं: महिना ४००, घरकाम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या मुलींना १००, आणि ज्यांना ग्रुपमधून पैशाचं काम मिळेल त्यांनी मानधनाचा दहावा हिस्सा फंडात टाकायचा. त्यातून पहिली खरेदी स्वतःचा वायरचा माइक आणि स्टँड, ३,२०० रुपये.

प्रेक्षकांत पुरुष असावेत की नाही यावर अजून एकमत नाही. निम्म्या जणी म्हणतात फक्त बायका असल्या की मोकळं बोलता येतं, निम्म्या म्हणतात पैशाची कामं मिश्र प्रेक्षकांतच आहेत मग सवय आत्ताच लागू दे. जानेवारीतल्या कार्यक्रमाचे दोन भाग करतोय, साडेतीनचा फक्त बायकांचा आणि सहाचा सगळ्यांसाठी, कुठल्या भागात उभं राहायचं ते जिचं तिने ठरवायचं. ऐरोलीच्या ताईंनी वाशीत हॉलची चौकशी केलीय, दुपारी अडीचची वेळ मिळाली तर तिकडे पण बॅच करू, पाचची मिळाली तर नाही.